चुंबकाच्या पाटीवर प्रकाशाची लेखणी

स्मरणिका म्हणजे आठवणी जपून ठेवण्याची वही. मंडळाच्या जुन्या स्मरणिका ज्यांच्या कपाटात असतील त्यांना ठाऊक आहे, कागद पिवळा पडला तरी मजकूर वाचता येतो. त्याच काळातल्या कार्यक्रमांच्या कॅसेटचे मात्र तसे नाही. टेप चिकटते, आवाज घोगरा होतो आणि टेप शाबूत असली तरी ती लावायला टेपरेकॉर्डर सापडत नाही. तरीसुद्धा आठवण ठेवण्याचे काम माणसाने गेल्या सव्वाशे वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर लोहचुंबकावरच सोपवले आहे. डेन्मार्कचे व्हाल्डेमार पॉल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर माणसाचा आवाज चुंबकाच्या रूपात साठवून दाखवला. पुढे आलेली कॅसेट, फ्लॉपी, बँकेच्या कार्डामागची काळी पट्टी आणि हार्ड डिस्क ही सगळी त्याच घराण्यातली भावंडे. आज आपण ‘क्लाउडवर’ ठेवलेले फोटोसुद्धा बहुतेक वेळा कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या फिरत्या चुंबकीय तबकडीवरच असतात.

या सगळ्यांत लिहिण्याची पद्धत एकच. पातळ थरातल्या चिमुकल्या चुंबकांची तोंडे एका दिशेला असली तर ‘एक’, उलट दिशेला असली तर ‘शून्य’. आणि ती तोंडे फिरवायची विजेच्या चुंबकाने. चुंबकाच्या पाटीवर चुंबकाचीच लेखणी, हे ओघानेच आले.

पण या पाटीवर प्रकाशानेही लिहिता येते. आपल्यापैकी बरेच जण कॉम्प्युटरच्या क्षेत्रात आहेत. त्यांना यातले शेवटचे टोक कदाचित माहीत असेल. त्यामागे मात्र जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांची हकिगत आहे, आणि तिच्या अगदी मध्यावर आपल्या खरगपूरच्या आयआयटीचा एक विद्यार्थी उभा आहे. ही हकिगत वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: प्रकाश हाताशी होता, पण त्याला साथ देणारा पदार्थ सापडायला प्रत्येक वेळी वाट पाहावी लागली.

जड काचेचा तुकडा

मायकेल फॅरेडे हे लंडनजवळच्या एका लोहाराचे चिरंजीव. शिक्षण बेताचे, उमेदवारी पुस्तकबांधणीच्या दुकानात. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाची गोडी लागली आणि पुढे ते रॉयल इन्स्टिट्यूशनचे सर्वांत नामवंत शास्त्रज्ञ झाले. वीज आणि चुंबक यांचे नाते त्यांनी १८३१ मध्येच उलगडले होते. प्रकाशाचेही या दोघांशी काही नाते असलेच पाहिजे, ही त्यांची पक्की धारणा होती. धारणा असून भागत नाही, प्रयोगात दिसावे लागते.

ऑगस्ट १८४५ मध्ये विल्यम थॉमसन या एकवीस वर्षांच्या तरुणाने त्यांना याच विषयावर पत्र लिहिले. हाच तरुण पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झाला. पत्रानंतर फॅरेडे पुन्हा कामाला लागले. आधी त्यांनी विजेचा परिणाम शोधला. काही दिसले नाही. मग विद्युतचुंबक घेतला.

इथे ‘ध्रुवित प्रकाश’ म्हणजे काय हे सांगायला हवे. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवली आहे अशी कल्पना करा. दोरी वरखाली हलवली तर लाट पलीकडे जाते. आडवी हलवली तर गजांना अडते. साध्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपने मिसळलेली असतात. विशिष्ट स्फटिकातून तो गाळून घेतला की एकाच दिशेचे कंपन उरते. हा ध्रुवित प्रकाश.

१३ सप्टेंबर १८४५ रोजी फॅरेडे यांनी असा प्रकाश निरनिराळ्या पारदर्शक पदार्थांतून पाठवला आणि शेजारी चुंबक सुरू केला. हवा झाली, साधी काच झाली, स्फटिक झाले; काहीही फरक नाही. मग त्यांनी एक जुनी, शिशाचे प्रमाण भरपूर असलेली जड काच काढली. ही काच त्यांनी स्वतःच १८२० च्या दशकात बनवली होती. दुर्बिणीसाठी चांगली काच हवी म्हणून रॉयल सोसायटीने सोपवलेले ते काम वर्षानुवर्षे चालले होते, आणि दुर्बिणीच्या दृष्टीने त्यातून फारसे काही निघाले नव्हते. त्या काचेतून प्रकाश पाठवून चुंबक सुरू केला मात्र, प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळली! चुंबक बंद केला की पुन्हा जैसे थे.

चुंबक आणि प्रकाश यांचा संबंध जगात पहिल्यांदा दिसला तो असा. तो दाखवणारा पदार्थ कित्येक वर्षे फॅरेडे यांच्याकडेच पडून होता.

ग्लासगोचे गणिताचे मास्तर

पुढचे पाऊल स्कॉटलंडमधले. जॉन केर हे थॉमसन यांचेच विद्यार्थी. ग्लासगोच्या एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात ते गणित शिकवत. अध्यापन सांभाळून, स्वतःच जमवलेल्या साधनांवर त्यांचे प्रयोग चालत. त्यांनी विचार केला की फॅरेडे यांनी प्रकाश काचेतून आरपार पाठवला, पण लोखंड तर पारदर्शक नाही. मग लोखंडावरून परतणाऱ्या प्रकाशाचे काय? विद्युतचुंबकाचा लोखंडी ध्रुव त्यांनी आरशासारखा घासून लख्ख केला आणि त्यावरून ध्रुवित प्रकाश परावर्तित केला. चुंबक सुरू करताच परत येणाऱ्या प्रकाशाची दिशा वळलेली दिसली. चुंबकाची दिशा उलटी केली तर प्रकाशही उलट्या बाजूला वळला. १८७७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि आजही तो ‘केर परिणाम’ याच नावाने ओळखला जातो.

वळण अगदी थोडे, एका अंशाचाही लहानसा भाग. पण त्याचा अर्थ फार मोठा आहे. एखाद्या पृष्ठभागाचे चुंबकत्व वर तोंड करून आहे की खाली, हे त्याला हात न लावता, केवळ उजेड पाडून ओळखता येते. म्हणजे चुंबकाची पाटी वाचता आली. लिहिणे अजून दूर होते.

तापवून लिहायची युक्ती

लिहिण्याची किल्ली मिळाली ती पॅरिसमध्ये. पिअर क्यूरी यांनी १८९५ मध्ये डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी चुंबकत्वावर उष्णतेचा काय परिणाम होतो याचा बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे एक ठराविक तापमान असते. त्याच्या वर पदार्थ आपले चुंबकत्व गमावतो. लोखंडासाठी ते ७७० अंश सेल्सिअस आहे. याला ‘क्यूरी बिंदू’ म्हणतात.

आता युक्ती लक्षात येईल. पातळ थरावर एखादा सूक्ष्म ठिपका क्यूरी बिंदूपर्यंत तापवला की तेवढ्या जागेची पाटी पुसली जाते. तो निवत असताना जवळ एखादे दुबळे चुंबकीय क्षेत्र ठेवले की ठिपका त्या क्षेत्राच्या दिशेने गोठतो. भोवतालचा थर थंड असल्यामुळे त्याला या दुबळ्या क्षेत्राचा काहीच त्रास होत नाही. लाखेवर मोहर उठवण्याचाच हा प्रकार: लाख ऊन असेपर्यंत ठसा उमटतो, निवाली की पक्का होतो.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगॅनीज-बिस्मथच्या पातळ थरावर असे चुंबकीय लेखन करून दाखवले. लिहिण्यासाठी तापवलेले टोक आणि वाचण्यासाठी फॅरेडे यांनी शोधलेले तेच वळण. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक बाजारात आणला होता. त्याच्या साठवण-यंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या हिशोबाने चार एमबीपेक्षाही कमी! त्या काळी साठवणुकीचा कोणताही नवा मार्ग लोकांना हवाच होता.

तापवायला नेमके साधन १९६० मध्ये मिळाले, ते म्हणजे थिओडोर मेमन यांचा लेसर. सुईच्या टोकाहून बारीक जागेवर उष्णता एकवटणे आता शक्य झाले. लेखणी तयार झाली, पण पाटी दगा देत होती. मँगॅनीज-बिस्मथचा थर असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. कणांच्या कडांवरून प्रकाश विखुरतो आणि वाचताना खरखर येते. शिवाय पुन्हा पुन्हा तापवून झपाट्याने निववले की त्याची स्फटिकरचनाच बदलते. एकदा लिहून चालत नाही. पाटी हजारो वेळा पुसता आली पाहिजे. पंधरा वर्षे गाडे तिथेच अडले.

खरगपूरचा विद्यार्थी

खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये सुरू झाली तीच हिजलीच्या जुन्या बंदिवासाच्या इमारतीत. इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना जिथे डांबले होते तिथे देशाची पहिली आयआयटी उभी राहिली. तिच्या पहिल्या दशकातल्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे प्रवीण चौधरी. १९६१ मध्ये धातुशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीला गेले, १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी आयबीएमच्या संशोधन केंद्रात रुजू झाले.

तिथे जेरोम क्युओमो आणि रिचर्ड गॅम्बिनो या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांचे काम चालले होते ते वेगळ्याच कारणासाठी. त्या काळात ‘बबल मेमरी’चा फार बोलबाला होता. पातळ थरात चुंबकीय बुडबुडे तयार करायचे आणि त्यांच्या रांगेत माहिती साठवायची अशी ती कल्पना. त्यासाठी गार्नेटचे निर्दोष स्फटिक लागत आणि ते बनवणे खर्चाचे काम होते. या तिघांनी उलटी वाट धरली. स्फटिक नकोच, असे त्यांनी ठरवले. गॅडोलिनियम आणि कोबाल्ट या दोन धातूंचे अणू काचेच्या पट्टीवर असे बसवायचे की त्यांची कुठलीही सुबक रचना होऊ नये. काचेसारखा अव्यवस्थित, म्हणजेच अस्फटिकी धातू.

सर्वसाधारण समजूत अशी होती की रचनाच नसेल तर चुंबकत्वाला ठरलेली दिशाही नसणार. अनुभव उलटा आला. त्या पातळ थराचे चुंबकत्व स्वतःहून उभे राहिले, थराच्या पृष्ठभागाशी अगदी काटकोनात. १९७३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि प्रकाशाने वाचण्यालिहिण्यासाठी हा पदार्थ उपयोगी पडेल हेही त्याच वर्षी मांडले.

याचे महत्त्व काय? स्फटिककण नाहीत, म्हणून कडा नाहीत. कडा नाहीत, म्हणून वाचताना खरखर नाही. चुंबकत्व उभे असल्यामुळे केर परिणाम चांगला दिसतो आणि ठिपके दाटीने बसवता येतात. तिसरी गोष्ट म्हणजे गॅडोलिनियम आणि कोबाल्ट यांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध तोंडे करून असतात. त्यांचे प्रमाण बदलून पदार्थाचा स्वभाव हवा तसा जुळवता येतो. बबल मेमरी पुढे मागे पडली, पण तिच्यासाठी शोधलेला पदार्थ दुसऱ्याच कामाला आला. फॅरेडे यांच्या जड काचेचीच ही दुसरी आवृत्ती.

१९९५ मध्ये या तिघांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. चौधरी २००३ ते २००६ या काळात ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक होते. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पदार्थावर लिहिलेल्या तबकड्या जगभर विकल्या गेल्या. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

तबकडी आली आणि गेली

मधल्या काळात ऑडिओ सीडीमुळे लहान आणि स्वस्त लेसर मिळू लागले. १९८० च्या दशकात गॅडोलिनियमच्या जागी टर्बियम आले आणि टर्बियम, लोह व कोबाल्ट यांच्या थरावर ‘मॅग्नेटो-ऑप्टिकल’ तबकडी उभी राहिली. लिहिताना लेसर प्रखर करायचा आणि ठिपका सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवायचा. वाचताना तोच लेसर मंद ठेवून परतणाऱ्या प्रकाशाचे वळण मोजायचे. एकाच यंत्रात पिअर क्यूरी लिहीत होते आणि जॉन केर वाचत होते म्हणा ना!

स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपल सोडल्यावर ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘नेक्स्ट’ हा संगणक आणला, त्यात २५६ एमबीची अशीच तबकडी होती. त्या काळी हा आकडा डोळे दिपवणारा होता. वेग मात्र लोकांना कमी वाटला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सोनीने जपानमध्ये मिनीडिस्क आणली. जेमतेम अडीच इंच व्यासाची तबकडी, चौकोनी डबीत बंद, ७४ मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि लाखो वेळा पुसून पुन्हा लिहिण्याची सोय. इस्पितळांतल्या स्कॅनच्या नोंदी आणि कार्यालयांतली दप्तरे ठेवण्यासाठीही या जातीच्या तबकड्या वापरल्या गेल्या. त्यांचा टिकाऊपणा वाखाणण्यासारखा होता. कॅसेटजवळ चुंबक नेला की गाणे बिघडते. या तबकडीजवळ नेला तर काही होत नाही, कारण थंड असताना तिचे चुंबकत्व सहजासहजी हलत नाही.

तरीही ती गेली. लिहिता येणाऱ्या सीडी मातीमोल भावाने मिळू लागल्या, २००० नंतर पेन ड्राइव्ह आला, आणि हार्ड डिस्क तर दरवर्षी मोठी होत होती. सोनीने मिनीडिस्कच्या यंत्रांची निर्मिती २०१३ मध्ये थांबवली आणि कोऱ्या तबकड्यांची २०२५ मध्ये. म्हणजे गंमत पाहा, तबकडीवरचा मजकूर शाबूत आहे, पण वाचणारे यंत्र दुर्मिळ होत चालले आहे. कुणाकडे मुलांच्या बालपणीचे आवाज, आजोबांचे बोलणे किंवा एखादी मैफल अशा तबकडीत अथवा कॅसेटमध्ये असेल, तर यंत्र मिळते आहे तोवर ते उतरवून घ्यावे. पदार्थाचे आयुष्य आणि यंत्राचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेसर हार्ड डिस्कमध्ये शिरला

मॅग्नेटो-ऑप्टिकल तबकडी हरली ती हार्ड डिस्ककडून. पण पुढे हार्ड डिस्कलाच तिच्या युक्तीचा आसरा घ्यावा लागला.

जास्त माहिती मावायची तर चुंबकीय कण लहान करावे लागतात. कण फारच लहान झाले की खोलीतल्या नेहमीच्या उष्णतेनेही त्यांची तोंडे आपोआप फिरू लागतात आणि लिहिलेले पुसले जाते. यावर उपाय म्हणून हट्टी पदार्थ घ्यावा, जसे लोह आणि प्लॅटिनम यांचे संयुग. त्याचे कण अगदी लहान असले तरी दिशा सोडत नाहीत. पण मग लिहिणाऱ्या विद्युतचुंबकालाही ते दाद देत नाहीत! कण मोठे ठेवावेत तर जागा पुरत नाही, लहान करावेत तर टिकत नाहीत, टिकवावेत तर लिहिता येत नाही, असे हे तिहेरी त्रांगडे.

त्यातून सुटका झाली जुन्याच मार्गाने. लिहिण्याच्या क्षणी कण चारशे अंशांहून अधिक तापवायचे, नरम आले की लिहायचे आणि लगेच निवू द्यायचे. हे सगळे नॅनोसेकंदांच्या हिशोबात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत उरकायचे. अडचण अशी की साध्या भिंगाने प्रकाश त्याच्या तरंगलांबीहून फार लहान जागेत एकवटता येत नाही, आणि इथे ठिपका हवा काही दशक नॅनोमीटरचा. म्हणून लिहिणाऱ्या टोकावर सोन्याचा वापर केलेली सूक्ष्म रचना बसवली. ती प्रकाशाची ऊर्जा अगदी लहान जागेत गोळा करून खालच्या थरात सोडते. हे प्रयोगशाळेतून कारखान्यात आणायला वीसेक वर्षे गेली. सीगेट कंपनीने अशा ३० टीबी क्षमतेच्या हार्ड डिस्क जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केल्या. १९५६ च्या त्या टनभर वजनाच्या यंत्रांशी तुलना केली तर तसली सुमारे ऐंशी लाख यंत्रे एका डिस्कमध्ये मावली!

चुंबकाविना लेखन

इथपर्यंत प्रकाशाने फक्त तापवण्याचे काम केले. दिशा ठरवणारा चुंबकच होता. मग केवळ प्रकाशाने चुंबकाचे तोंड फिरवता येईल का?

चुंबक प्रकाशाला वळवतो, तर प्रकाशानेही चुंबकत्व निर्माण करायला हवे, असे रशियाचे पितायेव्स्की यांनी १९६० च्या सुमारास गणिताने मांडले. १९६५ मध्ये हार्वर्डमध्ये ते प्रयोगाने दिसले. मात्र परिणाम इतका क्षीण की त्याने लिहिण्याचा विचार कोणी करावा असे नव्हते.

दार उघडले ते १९९६ मध्ये. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला बोरपेर, बिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या अत्यंत पातळ थरावर साठ फेमटोसेकंदांचा लेसरचा ठोका मारला. साठ फेमटोसेकंद म्हणजे किती? सेकंदाला पृथ्वीभोवती सात फेऱ्या मारील असा प्रकाशाचा वेग. तोही एवढ्या वेळात केसाच्या जाडीइतके अंतर तोडू शकत नाही. त्या ठोक्याने निकेलचे चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्या आतच झपाट्याने उतरले. चुंबकत्व इतक्या लवकर हलू शकते हे शास्त्रज्ञांना अपेक्षित नव्हते.

मग २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेन येथे थिओ रासिंग यांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांनी बनवलेला थर घेतला आणि चाळीस फेमटोसेकंदांच्या ठोक्यांनी त्यावर ठिपके लिहून दाखवले. जवळ चुंबक नाही. प्रकाशाचे कंपन मळसूत्रासारखे उजवीकडे फिरणारे असेल तर ठिपक्याचे तोंड एका बाजूला, डावीकडे फिरणारे असेल तर दुसऱ्या बाजूला. तो थर कशाचा होता? गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्ट यांचा. चौधरी आणि मंडळींनी १९७३ मध्ये शोधलेल्या त्याच कुळातला.

पुढे २०१२ मध्ये आणखी एक नवल कळले. या कुळात प्रकाश उजवा की डावा याची गरजच नाही. नुसता झटपट तापवणारा एक ठोका पुरतो. ठोका बसताच लोहाचे चुंबकत्व लवकर उतरते, गॅडोलिनियमचे सावकाश. या मागेपुढे होण्यात लोह क्षणभर गॅडोलिनियमच्या दिशेला वळते, आणि दोघे सावरतात तेव्हा दोघांचीही तोंडे उलटलेली असतात. विरुद्ध तोंडाच्या दोन धातूंचा तो जुना संसार असा पुन्हा उपयोगी पडला.

एका थराचे चुंबक

पाटी किती पातळ असू शकेल? २०१७ मध्ये सिअ‍ॅटल आणि एमआयटीच्या संशोधकांनी क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच सुटा थर, एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ, वेगळा केला आणि तोही चुंबक असल्याचे दाखवले. इतक्या पातळ थराचे चुंबकत्व ओळखले कशाने? १८७७ च्या केर परिणामाने! ग्लासगोच्या मास्तरांची पद्धत एकशे चाळीस वर्षांनी जगातल्या सर्वांत पातळ चुंबकापुढे उभी राहिली. २०२२ मध्ये याच पदार्थाच्या मोजक्या थरांची तोंडे केवळ प्रकाशाने फिरवण्यातही यश आले. डिसेंबर २०२४ मध्ये एमआयटीच्या नुह गेडिक यांच्या गटाने अशाच थराथरांच्या, पण आतली चुंबकत्वे एकमेकांना रद्द करणाऱ्या पदार्थावर अदृश्य टेराहर्ट्‌झ प्रकाशाचा ठोका मारून नवी चुंबकीय अवस्था आणली. ती अडीच मिलिसेकंदांहून अधिक टिकली. आपल्याला हा क्षण वाटतो, पण अशा अवस्था एरवी पिकोसेकंदांतच विरतात.

वर्तमानपत्रांत अशा बातम्या आल्या की उद्याच आपला लॅपटॉप बदलणार असे वाटते. तसे नाही. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकटा थर शून्याखाली सुमारे २२८ अंशांवरच चुंबक राहतो. एमआयटीचा प्रयोग शून्याखाली सुमारे १५५ अंशांवर झाला. फेमटोसेकंदांचे लेसर अजून टेबलभर जागा अडवतात. प्रकाशाचा ठिपकाही आजच्या हार्ड डिस्कवरच्या ठिपक्यापेक्षा मोठाच पडतो. पण कमी ऊर्जेत आणि हजारपट वेगाने लिहिण्याची शक्यता आहे म्हणूनच हे संशोधन चालू आहे. डेटा सेंटरांची विजेची भूक जशी वाढते आहे तशी ही गरजही वाढणार.

वाट पाहणे आहे ते पुन्हा पदार्थाचेच. खोलीच्या तापमानाला टिकणारा, प्रकाशाचे ऐकणारा आणि लाखो वेळा पुसला तरी न कंटाळणारा पातळ थर हवा आहे. तो कदाचित कुणी तरी भलत्याच कामासाठी बनवून ठेवलाही असेल, जशी फॅरेडे यांची काच होती.

आपल्या मंडळातली हुशार मुले बारावीनंतर बहुतेक सगळी कॉम्प्युटर शाखेकडे वळतात, धातुशास्त्र किंवा पदार्थविज्ञान मिळाले तर घरात चेहरे उतरतात. त्यात मुलांचा दोष नाही. नोकऱ्या जिथे दिसतात तिथे पालक बोट दाखवतात. पण संगणकाला आठवण राहते ती कुणी तरी धातूचा योग्य थर शोधला म्हणून. खरगपूरहून धातुशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याने ते करून दाखवले आहे. यंदा आपल्याकडच्या एखाद्या मुलाला वा मुलीला ती शाखा मिळाली, तर सांत्वन करायला न जाता अभिनंदनाचे पेढे मागायला जावे.